वर्दळ

ज्या बाजारात पायी वर्दळ जास्त, त्यालाच मेट्रोचं स्टेशन मिळणार होतं, आणि आमच्याकडे तर चिटपाखरूही फिरकत नव्हतं. म्हणून मोजणीच्या दिवशी आम्ही दुकानदारच सकाळपासून रस्त्यावर येरझाऱ्या घालत राहिलो. टेलरकाका दर फेरीला कोट बदलत होते, चष्मेवाल्या काकू चष्मा. मी पडलो सलूनवाला. दुपारी दाढी उडवली, चार वाजता मिशीही. बटण दाबून दाबून मोजणीवाल्या बाईंचं बोट दुखायला लागलं.

संध्याकाळी काका साळसूदपणे त्यांच्याजवळ गेले. "काय म्हणतेय वर्दळ?"

"वर्दळ झकास आहे," बाई म्हणाल्या. "आता तेवढा बाजार कुठे आहे ते सांगा. इथे तर सकाळपासून सगळी दुकानं बंदच आहेत."