दारातली वायर

"नाही हो, काका. तो पर्यायच नाहीये इथे."

कॉम्प्युटर दुरुस्त करणारी बाई खुर्चीत मागे टेकली. सेटिंग्ज धुंडाळून झाल्या होत्या, ड्रायव्हर नवे घालून झाले होते, मशीन बंद करून पुन्हा चालू करून झालं होतं. स्क्रीनवरचं चित्र वायरशिवाय टीव्हीवर पाठवायची ओळ जिथे दिसायला हवी, तिथे काहीच नव्हतं.

"असेल गं कुठेतरी दडलेला. नीट बघ," म्हातारा म्हणाला. गल्लीत त्याला सगळे ऑपरेटर म्हणत. थिएटरच्या केबिनमध्ये प्रोजेक्टर चालवण्यात त्याची हयात गेली होती. थिएटर बंद पडलं, नाव तेवढं चिकटून राहिलं.

बाईने टेबलाखाली वाकून सीपीयूची मागची बाजू पाहिली आणि कपाळावर हात मारला. "दडतोय कुठला! याच्यात वाय-फायच नाही. इंटरनेट वायरने येतंय तुमच्याकडे. याला वायरशिवाय बोलताच येत नाही, तर टीव्हीला चित्र काय पाठवणार? हे मी आधी बघायचं, तर बसले सेटिंग्ज उकरत."

टीव्ही आतल्या खोलीत होता. त्या खोलीत ऑपरेटरचा मुलगा पडून होता. तो इमारतींना रंग द्यायचा. परांचीवरून पडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. हॉस्पिटलमधून आल्यापासून त्याने बोलणं टाकलं होतं. दार बंद ठेवा, एवढं एकच त्याचं म्हणणं. ऑपरेटर ताट ठेवायला, ताट उचलायला आणि त्याचं अंग पुसायला तेवढा आत जाई. बाकी मधे ते दार.

"पेनड्राइव्हवर भरून देऊ का सिनेमे?" बाईने विचारलं.

"तो लावायला, बदलायला परत आत जायला हवं." ऑपरेटरने आवाज खाली आणला. "मी आत गेलो की भिंतीकडे तोंड करतो गं तो. बापाला सांभाळायचं त्याचं वय, आणि बाप त्याचं अंग पुसतोय. लाज वाटते पोराला. म्हणून म्हटलं, आपण इथूनच दाखवू. दुसऱ्या खोलीत बसून सिनेमा दाखवायची मला सवय आहे."

बाई पिशवीतून वायरचं भेंडोळं काढत म्हणाली, "उद्या वाय-फायचं यंत्र घेऊन येते. आजच्यापुरती ही टाकते. पण ही उंबऱ्यावरून जाणार. दार चार बोटं उघडं राहील."

ऑपरेटर दारापाशी गेला. "अरे, आजच्या दिवस दार जरासं उघडं राहील. चालेल का रे?"

आतून हो आलं नाही. नाहीसुद्धा आलं नाही.

बाई गेली आणि ऑपरेटरने सिनेमा लावला. जुना, हसवणारा. त्यातला लठ्ठ चोर खिडकीतून आत येतो आणि चोरी करायची सोडून इतकं जेवतो, की त्याला परत खिडकीतून बाहेर पडता येत नाही. हा सिनेमा ऑपरेटरने कितीदा दाखवला असेल, देव जाणे. पण त्यावर माणसं कशी हसतात ते त्याला ठाऊक नव्हतं. केबिनमध्ये यंत्राचीच एवढी घरघर, की थिएटर डोक्यावर घेतलं तरी आत ऐकू येत नसे. भोकातून नुसती डोकी दिसायची.

चोर खिडकीत अडकला. तेवढ्यात त्या चार बोटांच्या फटीतून एक आवाज आला. आधी खोकल्यासारखा. मग त्याला धीर आला आणि तो चांगला मोठा झाला.

ऑपरेटरचा हात माऊसवर तसाच राहिला. थोड्या वेळाने आतून हाक आली. स्वस्तातल्या रांगेतली पोरं मारायची, तशी.

"ए ऑपरेटर! आवाज!"

ऑपरेटरने डोळे पुसले. मग आवाज चढवला, स्वतःचाही आणि सिनेमाचाही. "तिकीट काढलंयस का रे?"

"उधारीवर आहे!"

दुसऱ्या दिवशी बाई आली. बोटाएवढं यंत्र तिने सीपीयूला मागून लावलं, त्याचं सॉफ्टवेअर घातलं. कालपर्यंत जिथे काही नव्हतं तिथे ती ओळ उमटली, आणि तिच्याखाली आतल्या टीव्हीचं नाव. बाईचा चेहरा फुलला. "काका, आला बघा तुमचा..."

"हळू!" ऑपरेटरने घाईघाईने तोंडावर बोट ठेवलं. "काढ ते. काढून टाक."

"आता काय झालं?"

"आता वायर निघेल. वायर निघाली की दार लागेल." तो आणखी जवळ सरकला. "त्याला सांग, जमलं नाही."

"मला खोटं बोलायला लावताय, काका."

"देव माफ करील गं. नाहीच केलं, तर म्हणावं, म्हाताऱ्याच्या खात्यावर मांड."

बाईने यंत्र काढून पिशवीत टाकलं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. चार शब्द मनाशी घोळवत ती आतल्या खोलीत गेली. मुलाचं तोंड भिंतीकडे नव्हतं. उशीला टेकून तो दाराकडेच बघत होता.

"दादा, ते वायरशिवायचं काय झालं ना..." तिने सुरुवात केली आणि ती अडखळली.

मुलाने तिला खुणेनेच जवळ बोलावलं. एक डोळा दाराच्या फटीवर ठेवून तो कुजबुजला, "ताई, झालं असलं, तरी बाबांना सांगा, जमलं नाही म्हणून."