गाडी धुण्याची वेळ

नवरा रोज सकाळी अर्धा तास गाडी धुतो आणि तरी गाडी मळकीच कशी, हे कोडं सुटेना, म्हणून ती पार्किंगमध्ये उतरली. बादली कोरडी होती. नवरा काचा लावून गाडीत बसला होता. डोळे मिटलेले, तोंड उघडं, एक हात हवेत.

तिनं दार उघडलं, तशी एक तान थेट तिच्या अंगावर आली आणि तिला बघून अर्ध्यातच तुटली.

"घरी मुलीचा अभ्यास, आईचा जप," तो ओशाळून म्हणाला. "हा अर्धा तासच काय तो आपला. बंद करू?"

ती शेजारी बसली. दार ओढून घेतलं. "बाहेर खरंच काही ऐकू येत नाही?"

"अजिबात नाही."

"मग उद्यापासून दिवसाआड गाडी मी धुणार."

"तू पण गातेस?"

"छे हो. लग्नाआधी मी शिट्टी फार छान वाजवायचे."