डेव्हलपर

“ओसी कधी मिळणार?” शेवंतीने विचारलं.

देवव्रतने लॅपटॉपवरून मान वर केली. श्रुतिकाच्या मालवणी मसाल्यांसाठी मोबाइल अ‍ॅप बनवायला किती खर्च येईल, ते समजावून सांगायला तो अंधेरीहून मानखुर्दला आला होता. एकूण चार लाख ऐंशी हजार. दारोदार मसाले पोचवून श्रुतिकाने जमवलेली सगळी पुंजी त्यात जाणार होती आणि तरीही वरचे तीस हजार कमीच पडत होते. इमारतीत राहायला परवानगी देणारा दाखला या हिशेबात कुठून घुसला, ते त्याला कळेना.

“आई, हे ते डेव्हलपर नाहीत गं,” श्रुतिका पुटपुटली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चूक तशी समजण्यासारखी होती. घाटकोपरची त्यांची चाळ पाडून तिथे टॉवर बांधणारा डेव्हलपर खड्डा खणून गेला, तो गेलाच. तेव्हापासून मायलेकी या भाड्याच्या खोलीत. त्याची माणसं अजून अधूनमधून सह्या मागायला येत. शेवंती त्यांना उंबऱ्याबाहेरच उभं करी. पाणीसुद्धा विचारत नसे.

देवव्रतने श्रुतिकाला डोळ्यांनीच खुणावलं, राहू दे. म्हातारीचं मन राखायला काय पैसे पडतात?

“दिवाळीच्या आधी ओसी, काकू. नक्की.”

“मग तसं लिही. आणि उशीर झाला तर दर महिन्याला भाडं.”

त्याने हसत हसत लॅपटॉपवरच्या करारात लिहिलं.

“पैसे स्लॅब पडेल तसे मिळतील. वाढीव जागेचे निम्मे आधी घेऊनच तो मेला पळाला ना!”

स्लॅबच्या जागी देवव्रतने अ‍ॅपच्या कामाचे चार टप्पे टाकले. हसू जरा आटलं. गेल्या आठवड्यात श्रुतिकाने फोनवर नेमकं हेच मागितलं होतं, तेव्हा ‘निम्मे आगाऊ, कंपनीचा नियम आहे’ असं त्यानेच ऐकवलं होतं. पण श्रुतिकाशी वाद घालता येत होता. जिचं घर खड्ड्यात गेलं, तिच्याशी काय वाद घालणार?

“आणि जागा कोणाच्या नावावर?”

आता त्याची बोटं थांबली. अ‍ॅपचा कोड आणि अ‍ॅप स्टोअरवरचं खातं तो नेहमी स्वतःकडेच ठेवी. गिऱ्हाईक मग कुठे जात नाही, पुढची सगळी वर्षं मागेल ते देतं. त्याच्या धंद्याचं खरं लोणी तिथेच होतं.

शेवंतीने त्याचा कप पुन्हा चहाने भरला. खाज्याची बशी पुढे सरकवली.

“सांग ना झिला. चावी बिल्डरकडे राहिली, तर घर कोणाचं रे?”

देवव्रतने श्रुतिकाकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती. आधीच्या अटी मुकाट लिहून झाल्यावर या एका अटीला तोंड वाकडं करणं शोभलं नसतं. शिवाय काम हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

“तुमचंच, काकू,” तो म्हणाला, आणि तेही लिहिलं.

“झकास. आणि ते वरचे तीस हजार पार्किंगचे ना? आमच्याकडे गाडी नाय.”

त्याने तीस हजार खोडले. करार तिथूनच श्रुतिकाला मेल केला, चहा संपवला, बूट घातले आणि जिना उतरताना आपण नक्की कशाला हो म्हणालो, याची उजळणी करत गेला.

श्रुतिकाने दार लावलं. फोनवर करार दोनदा वाचला. कोड तिचा, खातं तिचं, पैसे काम होईल तसे.

“सगळं मिळालं गं आई,” ती म्हणाली. “पण माझी लाज काढलीस. किती वेळा सांगू, तो बिल्डर नव्हता!”

शेवंती मोरीत कप विसळत होती.

“माका म्हायत नाय? बिल्डर असतो, तर त्याका चाय मिळाली असती?”