पोकळ वाजलेली फरशी

पाटीच्या दगडाची तिसरी मोठी फरशी बसवली आणि रबरी हातोडीने ठोकून पाहिली. मला आवाज भरीव वाटला. खालच्या विजेच्या तारा एडिंबरातलं लेकीचं स्वयंपाकघर गरम ठेवणार होत्या. पण फरशीखाली पोकळी राहिली, तर तिथं तार जास्त तापून जळणार आणि सगळी जमीन उखडावी लागणार.

शेजारच्या खोलीतून लेक म्हणाली, “आबा, ती उचला. पोकळ वाजली.”

“तू तिकडं कपड्यांच्या घड्या घालतेस. तुला काय कळतंय?”

“माझे कान घड्या घालत नाहीत. उचला.”

उचलली. एका कोपऱ्यात खालचा सिमेंटचा मसाला लागलाच नव्हता.

तीस वर्षं हिची आई बाहेर मसाला कालवता कालवता नुसत्या आवाजावरून माझ्या चुका पकडायची. ती गेल्यावर वर्षभर मी थापीला हात लावला नाही. आता आपली चूक दाखवणारं कुणी उरलं नाही, असं वाटायचं.

मला हसूच आवरेना. लेक दारात आली. “चुकलं तुमचं, आणि हसताय?”

“बस इथं,” मी म्हणालो. “अजून सतरा फरशा राहिल्यात. एकेक नीट ऐक.”