मिठावरची जीप

ओलपाडच्या सुकलेल्या मिठागरात जीपची शर्यत होती. बमरोलीच्या गॅरेजवाल्या काशिनाथनं जुन्या जीपला दांडगं इंजिन बसवलं, दारं-सीटा उपटून ती हलकी केली आणि स्टेअरिंग बायकोच्या हाती दिलं. "हुशार आहेस म्हणून नाही हं, घरात सगळ्यात हलकी तूच." रजनीला कारणाशी काय करायचंय? ती मनात उड्या मारत होती.

सरावाला चाकं मिठावर जागच्या जागी गरगरली. एवढ्या ताकदीपुढं गाडी फारच हलकी पडली. काशिनाथ आणि त्याचे दोन आडदांड भाऊ लगेच सरसावले. "उतर खाली. आता स्टेअरिंगवर जड माणूस पाहिजे."

रजनी हलली नाही.

"अहो, भार मागच्या चाकांवर हवाय. तुम्ही आणि दोन्ही भावजी मागं बसा. आणि वाटेत सूचना नकोत, वजन बोलत नसतं."