वाचनकक्षातले बाबा

"तुमचे वडील इश्यू झालेत," ग्रंथपाल ढवळेबाई म्हणाल्या. "शुक्रवारी परत येतील."

वडील गेल्यावर चारुशीलाने त्यांच्या आठवणी मुंबईतल्या या संशोधन ग्रंथालयाला दान केल्या होत्या. गोदी कामगारांचा इतिहास अभ्यासणारे त्या डोक्यात भरून घेत आणि काम झालं की जमा करत. आज मात्र तिला बाबा परत हवे होते, कायमचे.

"दान परत मिळत नाही. आणि नातेवाइकांना आम्ही वाचायलाही देत नाही, ते भांडत बसतात."

तेवढ्यात वाचनकक्षातला एक भिकबाळीवाला तरुण मागे वळून खेकसला, "ठमे! किती वाळलीस गं!"

चारुशीलाला ठमी म्हणणारा माणूस जगात एकच होता.

"घरच्यांशी बोलायचं नाही, नियम आहे," ढवळेबाईंनी त्याला दटावलं.

"सॉरी मॅडम, आपोआप आलं."

"तासभर तरी द्या हो," चारुशीलाने डोळे पुसले. "मला आता कुणी रागवतसुद्धा नाही."

ढवळेबाईंनी नकार द्यायला तोंड उघडलं. पण दान आलेली प्रत्येक आठवण सूचीत घेण्याआधी त्यांना स्वतः वाचावी लागे, आणि जमा केल्यावरही थोडी आत उरे.

"रडतेस काय, ठमे?" त्या गरजल्या, आणि घाबरून त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.