हाजराच्या ठेल्यावरची नौबत

"खाला, आता तरी ऐका. नौबत कोणी ओढत नाई," एजन्सीच्या गाडीतून खोकं उतरवत जिशान म्हणाला. "चंद्रपूरच्या गोदामातलं हे शेवटचं. कंपनीच बंद करून राह्यली. फिल्टरवाली ठेवा ना!"

"मांगतलं थेच दे," हाजरा म्हणाली.

नौबत म्हणजे सिगरेटचं पिवळं पाकीट, त्यावर नगारा. फिल्टर नाही. धूर असा कडक की रात्रभर ट्रक हाकणाऱ्याची झोप उडावी. सिरोंच्यात ती फक्त हाजराच्या पानठेल्यावर मिळे, तीही छापील भावापेक्षा दोन रुपये स्वस्त. अट एकच. पहिली सिगरेट तिथेच बाकावर बसून ओढायची. थोटकं हाजरा स्वतः उचले.

"थोटकंही विकता काय खाला?" जिशानने चिडवलं.

ती हसली नाही. नवरा वहाब सायकलवर कापडाची गाठोडी घेऊन गावोगावचे बाजार करायचा. एकदा जंगलातून तो परतलाच नाही, तेव्हापासून ती ठेल्यावर बसत होती. लोक म्हणत, नवऱ्याची आठवण म्हणून नौबत ठेवते. ती एवढंच म्हणे, "त्यायच्यासाठीच ठेवतो."

अहेरीची बस लागली. उतरलेल्यांपैकी एक पिकल्या मिशांचा माणूस ठेल्यासमोर थबकला.

"अरे बापरे! नौबत?"

"बसा भाऊ. कुठचे?"

"गडचांदूर. लटारू म्हणते मले. जवानीत इकडंच होतो, लाकडाच्या ट्रकावर. तिकडं तर ही दिसतच नाई बाई. कितीले?"

"पाचाले पाकीट. पण पहिली इथीच ओढा."

"त्यात काय!" लटारूने पाकीट फोडलं. झाकणाची पट्टी फाडली, बोटांत घट्ट गुंडाळली आणि ती सुरळी सिगरेटच्या टोकात खुपसली.

"हे काय करता?" हाजराने विचारलं.

"तंबाखू दातात येते ना! माही आपली जुनी खोड हाय. बाकीचे ट्रकवाले हासत मले."

"दुसरं कोणी असं करत नव्हतं?"

"कोणीच नाई!" तो खुशीत म्हणाला.

त्याने शेवटपर्यंत ओढली. थोटूक पडताच हाजराने उचललं.

"आता कुठी चालले?"

"नदीपल्याड, कालेश्वरले. दर्शन घेतो न् येतो."

"मंग नाव कशाले शोधता? माहा पोरगा फैज सोडून देते." तिने नवं खोकं त्याच्यापुढे सरकवलं. "हेही घेऊन जा. पैसे नको."

"पुरं खोकं? असं काऊन बाई?"

"ओढणाराच भेटत नव्हता, भाऊ."

तिने हाक मारली तसा फैज घाटावरून आला. हाजराने ते थोटूक त्याच्या तळहातावर ठेवलं. फैजने ते निरखलं, मूठ मिटली.

"चला चाचा," तो म्हणाला. "आज नावेत आपण दोघंच."

दोघे घाट उतरून दिसेनासे झाले.

"जिशान, पुढच्या खेपेले नौबत शोधू नको."

"काऊन? वहाब खालूची आठवण ना ती?"

हाजराने गल्ल्यामागची पत्र्याची डबी उघडली. आत एकच थोटूक होतं, करपलेलं, टोकाला पिवळ्या पुठ्ठ्याची सुरळी. वहाबचं प्रेत सापडलं, तिथे सायकलीच्या चाकापाशी ते पडलं होतं.

वहाबने आयुष्यात कधी सिगरेटला हात लावला नव्हता.